उरलेली अर्धी गोळी

…आणि वर म्हणतात, "आजोबा, सोपं आहे!" सोपं? कुणाला सोपं? सांगणाऱ्याला! सांगणारा सांगून मोकळा होतो, गोळी गिळायची असते मला! पूर्वी या दवाखान्यात, याच खोल्यांमधे एक डॉक्टर होते बघा, म्हातारे, जाड चष्मा, एकटेच. नाडी बघायचे, जीभ बघायचे, बाटलीतलं लाल पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "जा घरी." आपण घरी जायचो. बरे व्हायचो की नाही तो भाग वेगळा, पण घरी जायचो! आता तसं नाही. आता म्हणे टीम आहे. टीम! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मागच्या मैदानात काहीतरी सामना-बिमना असेल. तर नाही हो, टीम माझ्यासाठी! एक मी, वय चौऱ्याहत्तर, वजन मूठभर, आणि माझ्यामागे डॉक्टर, सिस्टर, औषधवाल्या बाई आणि काय खायचं नाही ते सांगणाऱ्या मॅडम. चार माणसं! माझ्या लग्नातसुद्धा माझ्यामागे इतकी माणसं उभी नव्हती.

तुम्ही बसा हो, बसा, या बाकावर चौघं मावतात, मी आहेच किती. माझा नंबर केव्हाच झाला. रक्त घेतलं, दंडाला ती पट्टी आवळून झाली, आता नुसता बसलोय. आत ही गेलीय. ही म्हणजे आमची ही! आणि तिच्याबरोबर आमचा थोरला. ते दार दिसतंय ना, हिरवं, खाली रंग उडालेलं? त्याच्या मागे काय ठरतंय माहीत आहे? आम्ही दोघांनी इथून पुढे एका घरात राहायचं की नाही, ते! हो! लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर! हसू नका… नाही, हसा, हरकत नाही, मीसुद्धा हसलो असतो, पण माझे डोळे त्या दारावरून हलत नाहीत. सांगतो, सगळं सांगतो, पण पहिल्यापासून सांगावं लागेल. मला मधूनच सांगता येत नाही. कापड कसं एका टोकापासूनच मोजावं लागतं, तसं आहे माझं.

तर मी शिंपी. चौकाच्या कोपऱ्यावर दुकान होतं, वर दोन खोल्या. दुकान आता दुसऱ्याला दिलं, खोल्या आहेत. शाळेत मी कधी गेलो नाही. म्हणजे गेलो, मास्तरांचा कोट द्यायला! आता तुमच्यापासून काय लपवायचं, मला वाचता येत नाही. पण हे कुणाला कळू दिलं नाही हो! रोज पेपर घेऊन बसतो, चित्रं बघतो, मधेमधे "च् च् च्" करतो. लोकांना वाटतं, म्हातारा जगाची काळजी करतोय.

मग साखर आली, मागोमाग बीपी आलं, आणि दोघं मिळून गोळ्या घेऊन आले. सकाळी तीन, दुपारी एक, रात्री दोन. डॉक्टर म्हणाले… हे डॉक्टर म्हणजे पोरगेलेसे, फार गोड माणूस, पण बोलणं कसं, शिलाई मशीन उतारावर सोडल्यासारखं! "आजोबा, ही उपाशीपोटी, ही जेवणानंतर, ही जेवणाबरोबर, चक्कर आली तर सांगा, पाय सुजले तर सांगा, समजलं?"

मी म्हटलं, बरं.

दुसरं काय म्हणणार? तो बिचारा इतकं मनापासून सांगतोय, बाहेर तुमच्यासारखी वीस माणसं ताटकळलीत, त्याला काय सांगू, की बाळा, तुझं तिसरं वाक्य संपेपर्यंत माझ्या डोक्यातलं पहिलं पडून गेलं? मग सिस्टर. सिस्टर कडक. त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघा, पाकिटातून काढलेली गोळी उघडी ठेवायची नाही! हवा लागते, ओल लागते. काढली की घेतली! कळलं?"

मी म्हटलं, बरं.

मग त्या मॅडम. "हे खायचं नाही, ते खायचं नाही, हे खायचं पण वासापुरतं." मी म्हटलं, बरं! तुम्हाला सांगतो, माझी सगळी हयात या एका शब्दावर गेली. गिऱ्हाईक म्हणायचं, उद्या द्या. मी म्हणायचो, बरं. द्यायचो परवा, पण भांडण नाही! ही म्हणायची, तुम्हाला काही कळत नाही. बरं! बावन्न वर्षांत आमच्या घरात एक कप फुटला नाही, तो या शब्दापायी. नाही, एक फुटला होता, पण तो मांजराने.

आता मुद्द्यावर येतो. माझं बीपी उतरलं. चांगली गोष्ट! डॉक्टर खूश. म्हणाले, "आजोबा, छान! बीपीची गोळी आजपासून अर्धी. रोज अर्धी. सोपं आहे!"

मी म्हटलं, बरं.

घरी आलो. गोळी काढली. माझी कापडाची मोठी कात्री घेतली, बरोबर मधोमध कापली… हात अजून स्थिर आहे माझा, एक कण इकडेतिकडे नाही! अर्धी मी घेतली, वर पाणी प्यायलो. ही शेजारी उभी. म्हणाली, "अहो, आणि ही उरलेली?"

आता तुम्ही म्हणाल, उरलेली उद्या घ्यायची, त्यात विचारायचं काय! पण सिस्टर काय म्हणाल्या होत्या? काढलेली गोळी उघडी ठेवायची नाही! त्यांचा आवाज माझ्या कानात! मग काय करायची? टाकायची? आमच्या हिच्यासमोर? अहो, ही बाई कापलेल्या कापडाची बोटभर कातरण टाकत नाही! फाटक्या सदऱ्याची बटणं काढून डब्यात, दोऱ्याची तुकड्या-तुकड्यांची गुंडाळी करून दुसऱ्या डब्यात, आणि ते डबे ज्या खोक्यात आले ते खोकं दुसऱ्या खोक्यात! तिने त्या अर्ध्या गोळीकडे असं बघितलं, जसं रस्त्यात कुणाचं तान्हं पोर सापडावं. म्हणाली, "चांगली औषधाची गोळी. टाकायची कशी?" आणि टाकली. तोंडात! स्वतःच्या!

मी म्हटलं… काय म्हटलं असेन? सांगा बघू!

हां. बरं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी मी कात्री काढायची, अर्धी मला, अर्धी हिला, दोघांनी एकाच पेल्यातून पाणी प्यायचं. खरं सांगू? मला बरंच आवडायला लागलं होतं ते. एवढी वर्षं मी एकटाच आजारी, आता जोडीला कुणीतरी!

आणि दीड महिन्यात ही वाळत टाकलेल्या कपड्यासारखी लोंबायला लागली. उठली की चक्कर. वाकली की चक्कर. "काही नाही हो, वय झालं," म्हणायची. मी म्हणायचो, बरं. एक दिवस सकाळी जिन्याच्या तोंडाशी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती आणि उभीच्या उभी खाली बसली. बादली गेली खाली धडधडत पार दुकानापर्यंत, आणि ही वरच्या पायरीवर, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. एक पायरी हो! एक पायरी पुढे असती तर बादलीच्या जागी… जाऊ दे. मला अजून ते बोलता येत नाही. मी हाका मारत होतो आणि ती ऐकत नव्हती. एरवी मी हाक मारायच्या आधी "काय आहे?" म्हणणारी बाई.

इथेच आणली. डॉक्टरांनी तपासली. बीपी खाली, पार खाली. विचारलं, "आजी, औषधं कुठली चालू आहेत?" ही म्हणाली, "मला? मला कुठलंच औषध नाही!" आणि हे अगदी ताठ मानेने! आता ती खोटं बोलली का? मुळीच नाही. औषध तिचं कुठे होतं? औषध माझं होतं! ती फक्त ते वाया जाऊ देत नव्हती.

रक्त तपासलं, हृदयाचा कागद काढला, काही सापडेना. तेवढ्यात मुलं आली. थोरला आणि आमची लेक. थोरला राहतो एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, दोघांच्या मधे बसने सात तास. घरं दोघांची लहान. त्यांनी खिडकीशी उभं राहून कुजबुजत ठरवलं. मग थोरला माझ्याजवळ बसला. म्हणाला, "बाबा, आता तुम्हा दोघांना एकटं ठेवणं बरोबर नाही. दोघांना एकत्र ठेवायला जागा कुणाकडेच नाही. तर आई ताईकडे, आणि तुम्ही माझ्याकडे. महिन्यातून एकदा भेटवू आम्ही. ठीक आहे ना?"

आणि माझ्या तोंडातून… अहो, सवय! बावन्न वर्षांची सवय! जीभ आपोआप वळली…

मी म्हटलं, बरं.

हिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. दोन दिवस काही बोलली नाही. ताट वाढायची, सरकवायची, गप्प. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मला सात तासांवर पाठवायलासुद्धा बरं म्हणालात." तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं उसवलं नाही.

त्यातच या औषधवाल्या बाईंचा निरोप आला. तो काचेमागचा कट्टा दिसतो ना, तिथे बसतात त्या, बुटक्याशा, केसांत पेन खोचलेलं. म्हणाल्या, "जायच्या आधी दोघं एकदा या. आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. सगळी म्हणजे सगळी. निवडू नका, लपवू नका, पुसून आणू नका." मी म्हटलं, बरं. नेली पिशवी. बाईंनी ती टेबलावर पालथी केली. काय काय निघालं! तीन वर्षांपूर्वीचं खोकल्याचं औषध, शेजारणीने हिला दिलेलं गुडघ्याचं मलम, एका डबीत गोळ्या आणि गोळ्यांत दोन पांढरी सदऱ्याची बटणं! बाईंनी एक बाटली उघडून वास घेतला, तोंड कडू केलं. "आजोबा, हे काय?" म्हटलं, "मशीनचं तेल, बाई." "औषधात?" म्हटलं, "बाटली खोकल्याची आहे. तुम्ही म्हणालात, निवडू नका." अशा हसल्या की केसांतलं पेन खाली पडलं.

पण मग बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि हसू थांबलं. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही अर्धी घेता ना? मग दहा गोळ्यांचं पाकीट वीस दिवस पुरायला हवं. तुम्ही तर पहिल्यासारखे दर दहा दिवसांनी नवीन न्यायला येता. पूर्ण घेताय का?"

"नाही हो बाई, अर्धीच. देवाशपथ अर्धी!"

"मग उरलेली अर्धी कुठे जाते?"

मी हिच्याकडे बघितलं. हिने भिंतीकडे बघितलं. भिंतीवर आतड्यांचं एक चित्र होतं, त्याकडे तिने फार रस घेऊन बघितलं. मग हळूच म्हणाली, "वाया कशी घालवायची?"

बाईंनी पाकीट खाली ठेवलं, डॉक्टरांना बोलावलं, सिस्टरना बोलावलं, त्या खाण्याच्या मॅडमसुद्धा आपणहून आल्या. एवढ्याशा खोलीत सगळी टीम! मला वाटलं, आता दोघांना ओरडा बसणार. तर डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "मी अर्धी म्हणालो, उरलेलीचं काय ते बोललोच नाही." सिस्टर, त्या कडक सिस्टर, म्हणाल्या, "मी म्हणाले, उघडी ठेवायची नाही. डबीत ठेवा हे सांगायचं राहिलं." आणि मला एकदम कळलं हो! एकाने बाही बेतली, दुसऱ्याने कॉलर, दोन्ही नंबर एक, फक्त दोघांनी एकमेकांचं माप विचारलं नाही, आणि सदरा अंगात जाईना! आणि गिऱ्हाईक कोण? मी! आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून काय म्हणतंय? बरं!

तेच बाईंनी नेमकं पकडलं. सगळं पुन्हा समजावलं, कागद दिला, म्हणाल्या, "कळलं?" मी म्हटलं, बरं. तर म्हणतात, "नाही. 'बरं' चालणार नाही. आता तुम्ही मला परत सांगा. मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचंय." बघा हं, परीक्षा माझी नाही, त्यांची! असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. पण सांगू काय? कागद हातात, अक्षरं मुंग्यांसारखी. म्हटलं, "चष्मा घरी राहिला, बाई." ही म्हणाली, "तो डोक्यावर आहे."

झालं. सांगून टाकलं. चौऱ्याहत्तर वर्षं झाकलेलं, चार लोकांसमोर. कुणी हसलं नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "मग गिऱ्हाइकांची मापं कशी लक्षात ठेवायचात?" अहो, ते तर माझं राज्य! म्हटलं, "प्रत्येकाची एक कागदाची पट्टी. छातीपाशी एक खाच, कमरेपाशी दोन, बाहीला तिरकी. दोनशे पट्ट्या होत्या, एकीची चूक नाही." बाई म्हणाल्या, "मग गोळ्यांचंही तसंच करू की!"

आणि शिवलं हो मी! जाड कापडाची लांब पट्टी, तिला तीन खिसे. सकाळच्या खिशाला एक बटण, दुपारच्याला दोन, रात्रीच्याला तीन. उपाशीपोटीची गोळी आत वेगळ्या कप्प्यात, त्याला पिवळा दोरा. बोटांनी चाचपून कळतं, चष्मा डोक्यावर असला तरी! बीपीची गोळी बाईंनी बदलून दिली, कमी ताकदीची, पण अख्खी. कात्रीचं कामच संपवलं. आणि ही म्हणाली, "मला खिसा नाही का?" म्हटलं, तुला गोळीच नाही! तर म्हणे, "नसली म्हणून काय झालं?" मग खाली चौथा खिसा शिवला, तिच्या नावाचा, वर तिच्या जुन्या पोलक्याचं मोठं बटण. आणि तो रिकामा राहिला पाहिजे, हा नियम! आता थोरला दर रविवारी फोन करून आधी विचारतो, "आईचा खिसा?" मी म्हणतो, "रिकामा!" मगच पुढचं बोलणं.

पण तो जाण्याचा विषय होताच. थोरल्याने बॅगासुद्धा आणल्या होत्या, दोन. त्या दोन बॅगा दाराशी दोन बाजूंना तोंड करून उभ्या बघितल्या आणि मी… मला माहीत नाही कुठून आलं… म्हटलं, "बाळा, 'बरं' मी परत घेतो. बाईंनी गोळीसुद्धा अर्धी करायची बंद केली. आणि तुम्ही आमच्या दोघांचे दोन तुकडे करता?" आयुष्यातला माझा पहिला नकार, आवाज असा चिरकला की मलाच ओळखू येईना! थोरला बराच वेळ बॅगेच्या चेनशी खेळत बसला. मग म्हणाला, "तीन महिने. तीन महिन्यांनी मी येतो. आईचं बीपी आणि तुमची साखर, दोन्ही ठीक असतील तर बघू."

ते तीन महिने आज संपले. म्हणून हा बाक, आणि म्हणून ते हिरवं दार.

हिला चक्कर नाही हो आली त्यानंतर, एकदाही नाही. आणि त्या कडक सिस्टरनी माझ्याकडून तसल्याच दोन पट्ट्या शिवून घेतल्यात, दुसऱ्या कुणा म्हाताऱ्यांसाठी. पण आकडे काय म्हणतात कुणास ठाऊक, आकडे मला वाचता येत…

थांबा. थांबा, दार उघडलं.

ही आली. चेहऱ्यावरून काही कळत नाही, हिच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळलेलं नाही! मागून थोरला, मागून बाई. काय रे?… काय म्हणतोस?… आईचं अगदी व्यवस्थित?… आणि माझी साखर?… थोडी वर आहे पण पहिल्यापेक्षा खूप उतरलीय?… मग? अरे, मग पुढे बोल की!… ऐकलंत का हो? बाई त्याला विचारतायत, "मग काय ठरलं?" आणि तो मान खाली घालून म्हणतोय, "बरं." माझाच मुलगा! आणि बाई सोडतायत का त्याला! "बरं चालणार नाही. परत सांगा, काय ठरलं?"

"आई-बाबा… त्यांच्याच घरी राहतील. दोघंही. एकत्र."

…

काही नाही हो, डोळ्यांत काहीतरी गेलं. या दवाखान्यात धूळ फार. सांगायला हवं सिस्टरना.

चला, मी उठतो. ही बोलवतेय. काय गं? "जाताना दूध घ्यायचं, साबण घ्यायचा, जिन्याला कठडा बसवायला सुतार बोलवायचा, आणि त्या खोकल्याच्या बाटलीतलं तेल आजच्या आज दुसऱ्या बाटलीत ओतायचं. समजलं?"

मी म्हटलं, बरं.

"बरं काय, बरं? परत सांगा!"

बघितलंत? बावन्न वर्षं या एका शब्दावर सुखाने काढली हो मी, आणि बाईंनी हिलासुद्धा शिकवून ठेवलं! आता जन्मभर परत सांगा, परत सांगा… सांगतो, बाई, सांगतो… दूध… साबण… सुतार… आणि…

अहो, चौथं काय म्हणाली ही? तुम्ही ऐकत होतात ना?